नामदार गोखल्यांच्या नावाने बंगळुरूत संस्था उभारणारे डी. व्ही. गुंडप्पा

बंगळुरू : जयनगरला लागून असलेल्या बसवनगुडी परिसरात, बुल टेंपल रस्त्यावर ‘गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स’ ही संस्था आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची कर्मभूमी पुणे. तरीही त्यांच्या नावाची ही संस्था कर्नाटकाच्या राजधानीत उभी राहिली, ती देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पा या कन्नड पुरुषामुळे. कर्नाटक त्यांना ‘डीव्हीजी’ म्हणून ओळखतो. ‘मंकुतिम्मन कग्ग’ या काव्याचे कर्ते म्हणून त्यांची कीर्ती घरोघरी पोहोचली आहे. त्यांचे संस्थाकार्य मात्र महाराष्ट्रात फारसे परिचित नाही.

गुंडप्पांचा जन्म १७ मार्च १८८७ रोजी कोलार जिल्ह्यातील मुळबागल येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. उपजीविकेसाठी त्यांनी कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावी सोडा कारखान्यात काम केले. संस्कृत, इंग्रजी आणि राज्यशास्त्र यांचा व्यासंग त्यांनी स्वतःच्या बळावर केला. पुढे बंगळुरूत येऊन ते वृत्तपत्रव्यवसायात शिरले आणि १९१३ मध्ये त्यांनी ‘कर्नाटक’ हे इंग्रजी पत्र सुरू केले.

गोखल्यांच्या राजकारणातील संयम, अभ्यास आणि निःस्पृहता यांचा गुंडप्पांवर खोल ठसा उमटला. गोखल्यांचे चरित्र त्यांनी कन्नडमध्ये लिहिले. गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. सार्वजनिक कार्य हौसेवर न सोडता त्याला नियमांची बैठक देण्याचा तो प्रयत्न होता. प्रवेश करणाऱ्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. पहिली पाच वर्षे प्रशिक्षणात जात. निर्वाहापुरते वेतन ठरलेले असे आणि कारभार प्रमुख सदस्य व त्यांचे मंडळ पाहत असे.

या घटनेची कसोटी लवकरच लागली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखल्यांचे निधन झाले. नुकतेच मायदेशी परतलेले मोहनदास गांधी समाजात प्रवेश करू इच्छित होते. परंतु सदस्यांमध्ये मतभेद होते. ते पाहून गांधींनी आपला अर्ज मागे घेतला. समाजाची धुरा व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे गेली आणि काम पुढे चालू राहिले. संस्थापकाच्या पश्चात संस्था कोणाची, हा प्रश्न प्रत्येक सेवाभावी संस्थेपुढे केव्हातरी उभा राहतोच. समाजाने त्याचे उत्तर आपल्या घटनेच्या चौकटीत शोधले.

गुंडप्पांनाही सभा-संस्थांच्या कारभाराचा दीर्घ अनुभव मिळाला. म्हैसूरच्या विधान परिषदेत ते अनेक वर्षे सदस्य होते. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेचे त्यांनी उपाध्यक्षपद सांभाळले. १९३२ मध्ये मडिकेरी येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. संस्थानांतील प्रजेचे घटनात्मक हक्क हा त्यांच्या चिंतनाचा कायमचा विषय होता. राज्यकर्ते बदलले तरी नागरिक जाणता झाला नाही, तर स्वराज्य पोकळ राहील, अशी त्यांची धारणा होती.

या धारणेतून १९४५ मध्ये गोखले संस्थेचा आरंभ झाला. गोखल्यांचा आदर्श स्वीकारताना गुंडप्पांनी त्यांच्या समाजाची रचना जशीच्या तशी उचलली नाही. आजन्म सेवेचे व्रत घेणाऱ्या मोजक्या कार्यकर्त्यांऐवजी, आपापला व्यवसाय सांभाळून सार्वजनिक प्रश्नांचा अभ्यास करू इच्छिणारा सामान्य नागरिक त्यांच्या डोळ्यांपुढे होता. संस्था पक्षीय राजकारणापासून अलिप्त राहिली. ग्रंथालय, व्याख्याने, अभ्यासवर्ग आणि प्रकाशने हे तिचे मार्ग ठरले. राज्यघटनेइतकेच भगवद्गीतेच्या विवेचनालाही तिथे स्थान होते. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. संस्थेला संस्थापकाने स्वतःचे नाव दिले नाही. तिच्या नावातच एक निकष ठेवला, ज्यावर पुढच्या प्रत्येक कार्यकर्त्याचे आचरण तपासता येईल.

संस्थेचा आरंभ झाला त्याच सुमारास शेजारी नवे नगर आकाराला येत होते. १९४८ मध्ये जयनगरची पायाभरणी झाली. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांच्या नावावरून ते ओळखले जाऊ लागले. देश स्वतंत्र झाला होता, शहर विस्तारत होते आणि मतदानाचा हक्क सर्व प्रौढांना मिळू घातला होता. अशा काळात नागरिकत्वाचे शिक्षण देणारी जागा या परिसराला लाभली.

पैशाबाबत गुंडप्पांचा कटाक्ष विलक्षण होता. शासनासाठी केलेल्या कामाच्या मोबदल्याचे धनादेश त्यांनी वटवलेच नाहीत आणि मृत्यूनंतर ते त्यांच्या पेटीत आढळले, ही हकिकत कर्नाटकात सर्वश्रुत आहे. त्यांचा संसार मात्र संपन्न नव्हता. पत्नी भागीरथम्मा १९२४ मध्ये भाजून मरण पावल्या. गुंडप्पांनी पुन्हा विवाह केला नाही. १९७० मध्ये कृतज्ञ नागरिकांनी बंगळुरूत जाहीर सत्कार करून सुमारे ९० हजार रुपयांची थैली त्यांना अर्पण केली. वयाच्या ८३व्या वर्षी मिळालेली ती सर्व रक्कम त्यांनी गोखले संस्थेला देऊन टाकली.

भगवद्गीतेवरील ग्रंथासाठी १९६७ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार, तर १९७४ मध्ये पद्मभूषण किताब मिळाला. ७ ऑक्टोबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.

सेवाभावी संस्थेची नोंदणी, नियमावली, कार्यकारी मंडळ आणि लेखापरीक्षण कायद्याने सांगता येते. संस्थापकाने किती घ्यावे आणि कोठे थांबावे, हे मात्र कोणताही कायदा पूर्णपणे ठरवू शकत नाही. गुंडप्पांनी ती मर्यादा स्वतःपुरती आखून घेतली होती. त्यांच्या निधनानंतरही बुल टेंपल रस्त्यावरील संस्थेत पुस्तके, व्याख्याने आणि अभ्यासवर्ग यांची परंपरा चालू राहिली.