शत्रूच्या चेहऱ्यावर आपला छाप मारणारा राजा : गौतमीपुत्र सातकर्णी

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचं घबाड सापडलं. थोडीथोडकी नाही, १३ हजारांहून जास्त नाणी. सगळी मुळात क्षत्रप नहपानाची. पण त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर नंतर दुसऱ्याच राजाचा छाप मारलेला होता. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी.

गोष्ट इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली. सातवाहनांचे तेव्हा वाईट दिवस चालू होते. नाशिक, जुन्नर, कार्ले हा सगळा पट्टा शक क्षत्रपांकडे गेला होता. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरून घेतलेलं लेणं आजही बघायला मिळतं.

नहपानाच्या नाण्यावर एका बाजूला त्याचा चेहरा असायचा. दख्खनला हा प्रकार नवा होता. सिकंदरानंतरच्या ग्रीक राजांनी नाण्यावर स्वतःचा चेहरा छापायला सुरुवात केली. ती रीत बॅक्ट्रियातून वायव्य भारतात आली आणि तिथून शकांनी उचलली. फायदा उघड होता. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्यालाही राज्य कोणाचं ते हातातल्या नाण्यावरून कळायचं. गंमत म्हणजे जोगलटेंभीच्या नाण्यांवरचे नहपान एकसारखे दिसतच नाहीत. कुठे तरुण, कुठे म्हातारा, नाकडोळेही वेगळे. चेहरा हुबेहूब नसला तरी चालायचं, राजाचा वाटला की झालं.

गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं. राज्याच्या १८व्या वर्षी त्याने नाशिकच्या भिक्षूंना २०० निवर्तनं जमीन दिली. ही जमीन आधी उषवदाताकडे होती. पुढे २४व्या वर्षीच्या आदेशात त्याच्यासोबत त्याच्या आईचंही नाव येतं.

आणि नाणी? ती त्याने वितळवली नाहीत. नहपानाच्या चेहऱ्यावरच डोंगराचं चिन्ह आणि स्वतःचं नाव ठोकलं. मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह. कित्येक नाण्यांवर खालचा चेहरा अर्धामुर्धा दिसत राहिला. बाजारात फिरणाऱ्या प्रत्येक नाण्यावर कोण हरलं आणि कोण जिंकलं, दोन्ही एकदमच दिसत होतं. यापेक्षा स्वस्त जाहिरात कुठली?

सातवाहनांना स्वतःच्या प्रतिमांचं वावडं होतं असंही नाही. त्याच्या कितीतरी आधी याच घराण्याने नाणेघाटातल्या लेण्यात राजा-राणीचे पुतळे कोरले होते. आता तिथे वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा, एवढंच उरलंय.

गौतमीपुत्र कसा दिसायचा, हे त्याच्या आईने लिहून ठेवलंय. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी गौतमी बलश्रीने पांडवलेण्यांतलं ३ नंबरचं लेणं दान केलं आणि तिथे मुलाचं मोठं वर्णन कोरून घेतलं. पौर्णिमेच्या चंद्रासारखा चेहरा, हत्तीसारखी डौलदार चाल, तीन समुद्रांचं पाणी प्यायलेले घोडे. शक, यवन, पल्हवांचा पाडाव आणि नहपानाच्या क्षहरात घराण्याचा निर्वंश हेही त्यात आहे. लेक गेल्यानंतर आईने केलेलं हे वर्णन. त्यात कौतुक जास्त असणार, हे धरूनच वाचायचं.

पुळुमावीने मात्र बापाच्या पुढे पाऊल टाकलं. त्याने चांदीच्या नाण्यांवर चक्क स्वतःचा चेहरा छापला, अगदी क्षत्रपांच्या धर्तीवर. चेहऱ्याभोवती प्राकृतात नाव आणि मागे दक्षिणेतल्या द्राविडी भाषेत. पुढे यज्ञश्री सातकर्णीनेही तेच केलं.