डॉक्टर व्हायचं नव्हतं तिला

घरच्यांनी तुम्हाला कधी गृहीत धरलंय? बाबांचं दुकान आहे म्हणजे पुढे तूच गल्ल्यावर बसणार, आई शिक्षिका म्हणजे तू बीएड करणार, दोन्ही काका डॉक्टर म्हणजे तू नीट देणारच. आणि तुमचं मात्र मनात पक्कं असतं, बाकी काहीही करेन पण हे नाही! तर मग आयडा स्कडर तुम्हाला आवडेल. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. ते कॉलेज उभं करणारी ही बाई विशीत असताना डॉक्टर व्हायला साफ नकार देत होती.

तिच्या घरचं प्रकरण दुकानापेक्षा अवघड होतं. आजोबा जॉन स्कडर अमेरिकेतून १८१९ मध्ये आशियात आलेले मिशनरी डॉक्टर. त्यांचे सात मुलगे भारतात मिशनरी झाले, त्यातलेच एक आयडाचे वडील, तेही डॉक्टर. ९ डिसेंबर १८७० ला मद्रास इलाख्यातल्या राणीपेटला आयडा जन्मली. ती सहा-सात वर्षांची असताना दक्षिणेत तो भयानक दुष्काळ पडला. अंगणात जमलेल्या उपाशी मुलांच्या हातात भाकरीचे तुकडे ठेवायचं काम तिच्याकडे होतं. काही मुलांना ते धरण्याइतकीही ताकद उरली नव्हती. पुढे कुटुंब अमेरिकेत गेलं, पण वडील कामासाठी भारतात परतले आणि काही काळाने आईही त्यांच्यामागे गेली. ऐन शाळकरी वयातली आयडा शिकागोत नातेवाइकांकडे राहिली. ज्या कामाने आई-बाप दूर नेले, त्या कामाबद्दल या पोरीला प्रेम कसं वाटावं? मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थफील्डच्या शाळेत ती खोड्यांसाठी प्रसिद्ध होती. तिचा प्लॅन सरळ होता: अमेरिकेत राहायचं, चांगलं स्थळ बघून लग्न करायचं आणि मजेत जगायचं. यात वाईट काय आहे, सांगा बरं?

१८९० मध्ये आई आजारी असल्याचं कळलं आणि ती भारतात आली. थोडे दिवस आईची काळजी घ्यायची आणि परत जायचं, एवढंच ठरलेलं. तिंडिवनम नावाच्या लहानशा गावात वडिलांचा बंगला होता. तिथे एका रात्री ती एकटी बसली असताना दारात एक तरुण ब्राह्मण आला. बायको बाळंतपणात अडली होती, वयाने अगदी कोवळी, सुईणीने हात टेकले होते. आयडाने लगेच वडिलांना बोलवायची तयारी दाखवली, पण त्याला ते नको होतं. परक्या पुरुषाने त्याच्या बायकोला हात लावणं रीतीत बसत नव्हतं. तिनेच यावं, असं त्याचं म्हणणं. पण तिला यातलं काय कळत होतं? तो मान खाली घालून गेला. थोड्या वेळाने एक मुसलमान गृहस्थ आला, अडचण तीच आणि अटही तीच. मग तिसरा, पुन्हा उच्च जातीतला हिंदू.

एक गोष्ट लक्षात घ्या. हे तिघे काही दगडाच्या काळजाचे नव्हते. बायकोवर प्रेम होतं म्हणूनच ते अपरात्री परक्या साहेबाच्या दारात आले होते. पण रीत मोडायची हिंमत तिघांच्यात नव्हती आणि रीत न मोडता वाचवू शकेल अशी बाई डॉक्टर त्या भागात नव्हती. या दोन गोष्टींच्या मध्ये तिघीजणी सापडल्या.

आयडाला झोप लागली नाही. सकाळी गावातून अंत्ययात्रेच्या ढोलाचा आवाज आला. नोकराला चौकशीला पाठवलं. तिघीही गेल्या होत्या.

मिशनरी चरित्रांत अशा ठिकाणी आकाशवाणी झाल्यासारखं वर्णन असतं. मला त्यापेक्षा तो ढोल खरा वाटतो. आयडा श्रद्धावान घरातली होती, शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करावं ही येशूची शिकवण तिने जन्मापासून ऐकलेली. पण आजवर शेजारी हा शब्द तिच्यासाठी प्रार्थनेतला होता. त्या रात्री त्याला तीन चेहरे मिळाले आणि तिला त्यांना रिकाम्या हाती परत पाठवावं लागलं. तिने खोलीत बसून प्रार्थना केली, खूप रडली आणि मग आई-वडिलांना सांगितलं की मी अमेरिकेत जाऊन डॉक्टर होणार आणि इथेच परत येणार.

१८९५ मध्ये तिने फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. नाव ओळखीचं वाटतंय? आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या होत्या. त्यांचं बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं होतं, आणि बायकांसाठी बाई डॉक्टर हवी हे दुखणं त्यांनाही तिथवर घेऊन गेलं होतं. १८८७ मध्ये, काम सुरू होण्याआधीच, पुण्यात त्यांचं निधन झालं. आयडाने शेवटचं शिक्षण न्यूयॉर्कच्या कॉर्नेल मेडिकल कॉलेजात पूर्ण केलं, १८९९ मध्ये. मुलींना घेतलेली तिथली ती पहिलीच बॅच होती.

निघण्याआधी बायकांच्या हॉस्पिटलसाठी पैसे गोळा करायचे होते. एका घरी ती हे सगळं सांगत असताना शेजारच्या खोलीतून शेल नावाचे वयस्कर बँकर ऐकत होते. त्यांनी दिवंगत पत्नीच्या नावाने दहा हजार डॉलर दिले.

आता मात्र तिला ‘त्या’ म्हणायला हवं. १९०० उजाडताना डॉ. आयडा वेल्लोरला आल्या. अनुभवी वडिलांच्या हाताखाली शिकायचं ठरवलं होतं, पण काही महिन्यांतच वडील कॅन्सरने गेले. नवशिकी डॉक्टर, बंगल्यातली एक खोली आणि लोकांचा विश्वास शून्य. तरी पहिल्या दोन वर्षांत पाच हजारांवर पेशंट तपासले गेले. १९०२ मध्ये चाळीस खाटांचं हॉस्पिटल उघडलं. मग ठरलेल्या दिवशी गावोगावच्या रस्त्यांवर, झाडांच्या सावलीत दवाखाने भरू लागले. आधी बैलगाडी, नंतर एक छोटी फ्रेंच मोटार. ती बघून लोक पळायचे म्हणे!

पण एकटी बाई किती जणींना पुरणार? म्हणून १९१८ मध्ये मुलींसाठी मेडिकल स्कूल काढलं. मद्रासच्या सर्जन जनरलना वाटत होतं, तीन अर्ज आले तरी नशीब. १५१ आले. हाताशी एक मायक्रोस्कोप, थोडी पुस्तकं आणि काही हाडं. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला इलाख्यातल्या मुलांपैकी पाचांत एक पास झाला. आयडांच्या चौदाजणी बसल्या होत्या, चौदाही पास.

खरी परीक्षा पुढे होती. १९३८ च्या सुमारास सरकारने जुना डिप्लोमा बंद करून विद्यापीठाची पदवी सक्तीची केली. तेवढा पैसा मुलींच्या छोट्या कॉलेजकडे कुठून येणार? उपाय एकच दिसत होता, मुलांनाही प्रवेश देऊन इतर मिशनांची मदत घेणं. वर्षानुवर्षं पैसे जमवणाऱ्या अमेरिकन मैत्रिणींना हा विश्वासघात वाटला. बायकांसाठी मागितलेला पैसा पुरुषांवर का खर्च करायचा? प्रश्न चुकीचा नव्हता, आणि आयडांनाही तो आतून टोचत असणार. सत्तरी गाठलेल्या या बाईने अमेरिकेत जाऊन दारोदार पैसे मागितले आणि शेवटी सहशिक्षणाला होकार दिला. काही जुनी नाती त्यात तुटली ती तुटलीच. मला हा निर्णय तिंडिवनमच्या रात्रीपेक्षाही अवघड वाटतो. तिथे बाजूला ठेवायचा होता तो स्वतःचा आराम. इथे स्वतःच पाहिलेलं स्वप्न बदलायचं होतं, तेही पुढच्या पेशंटसाठी.

कॉलेज टिकलं. आयडा १९४६ मध्ये निवृत्त झाल्या. डॉ. हिल्डा लाझारस यांच्यासारख्या भारतीय डॉक्टर बाईंनी धुरा उचलली. आयडांनी लग्न केलं नाही. टेनिस मात्र म्हातारपणापर्यंत सोडलं नाही, आणि विद्यार्थिनींसाठी त्या आँट आयडाच राहिल्या. मे १९६० मध्ये कोडाईकनालला त्या गेल्या तेव्हा वय होतं ८९.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. परदेशातून कुणीतरी पाठवलेल्या पत्रावर फक्त डॉ. आयडा, इंडिया एवढाच पत्ता होता. पोस्टमनने ते वेल्लोरला नेऊन दिलं.