लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव

तारकर्लीच्या आमच्या निवासी शाळेतून यंत्रविद्येकडे वळणाऱ्या मुलांना आम्ही लक्ष्मणराव किर्लोस्करांची (१८६९–१९५६) ओळख आवर्जून करून देतो. चित्रकार होण्यास ते मुंबईस गेले. रंगांधत्वाने ती वाट अडली, तेव्हा यंत्ररेखाटन शिकून ते त्याचेच शिक्षक झाले. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. (लाकडी नांगर आमच्या कोकणातही सहजी सुटला नाही.) १९१० साली औंध संस्थानातील निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथे अस्पृश्यतेला मज्जाव होता, आणि रात्रीच्या पहाऱ्यावर शिक्षा भोगून आलेली माणसे असत.