मक्तेदारीचे वैरी : लुडविग एरहार्ड

जर्मनीतील फ्युर्थ या गावी एका कापड-दुकानदाराच्या घरी १८९७ साली लुडविग एरहार्ड यांचा जन्म झाला. त्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने, कारखानदारांनी आपसांत भाव ठरवून घेण्याचे करार वैध ठरविले. या संगनमताला, म्हणजेच कार्टेलला, कायद्याचा आधार लाभला आणि जर्मनी हा कार्टेलांचा देश बनला. एरहार्ड यांच्या कर्तृत्वाचा मोठा भाग ही प्रथा मोडण्यात खर्ची पडला.

पहिल्या महायुद्धात ते जबर जखमी झाले. दुकानात उभे राहणे अशक्य झाल्याने ते अर्थशास्त्राकडे वळले. संघटित उद्योगधंदे हिटलरच्या दावणीला सहज बांधले गेले, हेही त्यांनी पाहिले. जून १९४८ मध्ये नवे चलन येताच त्यांनी बहुसंख्य वस्तूंवरील भावनियंत्रणे उठविली. भाव कडाडले, नोव्हेंबरात सार्वत्रिक संप झाला. पण ते डगमगले नाहीत. मात्र सरकारने सोडलेली जागा उद्या कार्टेले बळकावतील, हे ते ओळखून होते.

म्हणूनच अर्थमंत्री या नात्याने त्यांनी कार्टेलबंदीचा कायदा हाती घेतला. त्यांच्याच पक्षाचे पाठीराखे असलेल्या उद्योगपतींनी तो अनेक वर्षे अडवून धरला. १९५७ साली तो संमत झाला खरा, पण त्यात अनेक अपवाद शिरले.

त्याच वर्षी झालेल्या रोमच्या कराराने कलम ८५ अन्वये संगनमतास आणि कलम ८६ अन्वये बाजारातील वर्चस्वाच्या दुरुपयोगास मनाई केली. कायदा व करार दोन्ही १ जानेवारी १९५८ रोजी अमलात आले. सहा देशांपुरत्या बाजारपेठेविषयी एरहार्ड स्वतः साशंक होते. त्यांना अधिक व्यापक खुला व्यापार हवा होता. परंतु त्यांच्याच मंत्रालयातून आलेले हान्स फॉन डेर ग्रोबेन युरोपीय आयोगात स्पर्धाविषयक कारभार पाहू लागले. १९६२ च्या नियमावलीने आयोगाला चौकशीचे आणि वार्षिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड करण्याचे अधिकार दिले.

१९६३ ते १९६६ या काळात चॅन्सेलरपद भूषवून एरहार्ड १९७७ साली निवर्तले. ती दोन कलमे आज १०१ व १०२ या क्रमांकांनी २७ देशांत लागू आहेत. सरकारने अंग काढून घेतले की बाजार आपोआप मुक्त होतो, हा भ्रम होय. बाजाराचे स्वातंत्र्य बलाढ्य व्यापाऱ्यांपासूनही राखावे लागते, आणि ते राखणारे सरकार त्यांचे मिंधे असून चालत नाही.