मॅकार्थींचा डेमो आणि न सुटणारी मेमरी

जॉन मॅकार्थी (१९२७–२०११) म्हटलं की सगळ्यांना एआय आठवतं. मला त्यांचा फसलेला डेमो आठवतो.

१९५९च्या सुमारास एमआयटीत लिस्प भाषेसाठी त्यांनी गार्बेज कलेक्शन शोधलं: प्रोग्रॅम जिथवर पोचू शकतो ते ठेवायचं, बाकी मोकळं करायचं. पुढे लिस्पचा डेमो ठरला. रंगीत तालमीत भरलेली मेमरी रिकामी करायची राहून गेली. ऐन डेमोत ती संपली, कलेक्टर धावला आणि संथ टाइपरायटरवर पानभर हिशोब छापत बसला. वेळ संपली, प्रेक्षक हसले!

अँड्रॉइडमध्येही नियम तोच. अ‍ॅप मेमरी सोडत नसेल तर मी हीप डंप, म्हणजे मेमरीचा फोटोच, काढतो आणि बघतो: बंद केलेल्या स्क्रीनला अजून कोण धरून बसलंय? बहुतेकदा एखादं स्टॅटिक व्हेरिएबल, नाहीतर काढायचा राहिलेला लिसनर.