रेव्हरंड ना. वा. टिळक : उणिवांसह केलेली सेवा

थोर व्यक्तींची चरित्रे मुलांना सांगताना त्यांचे दोष झाकून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र त्या रीतीने सांगता येत नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात पतीचे मोठेपण आणि त्यांचे उणेपण ही दोन्ही सारख्याच प्रांजळपणे नोंदवून ठेवली आहेत. ईश्वराच्या सेवेसाठी माणूस आधी निर्दोष व्हावा लागतो, हा समज टिळकांच्या आयुष्याने खोटा ठरविला.

नारायणरावांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई भक्तिशील व काव्याची आवड असलेल्या होत्या. वडील वामनराव अत्यंत तापट होते. मुलात दोघांचेही अंश उतरले. आईच्या निधनानंतर कोवळ्या वयातच त्यांनी घर सोडले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका, म्हणजेच लक्ष्मीबाई, यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

संसारात टिळकांचे पाय फारसे स्थिरावले नाहीत. राग क्षणात चढे, क्षणात उतरे. हाती आलेला पैसा संध्याकाळपर्यंत टिकेल याची शाश्वती नसे. वाटेत कोणी गरजू भेटला की घरच्या चुलीचा विसर पडे. मनात येईल तेव्हा न सांगता ते गावोगाव निघून जात आणि लक्ष्मीबाई त्यांची वाट पाहत राहत. त्यांचे औदार्य खरे होते. परंतु त्या औदार्याची किंमत पुष्कळदा पत्नीला मोजावी लागे.

जबलपूरहून बालाघाट, गोंदियामार्गे पूर्वेकडे गेले की राजनांदगाव लागते. त्या काळी ते मध्यप्रांतातील एका संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. 1893 च्या सुमारास नागपूरहून नोकरीसाठी तेथे निघालेल्या टिळकांची आगगाडीत एका परदेशी धर्मोपदेशकाशी गाठ पडली. त्याने त्यांना नवा करार वाचावयास दिला. सहप्रवाशाचा मान राखावा म्हणून वाचावयास घेतलेल्या त्या पुस्तकातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. दीड-दोन वर्षांच्या मानसिक द्वंद्वानंतर 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

हा त्यांच्या श्रद्धेचा सर्वांत धैर्याचा क्षण होता आणि पती या नात्याने सर्वांत मोठ्या चुकीचाही. लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेताच त्यांनी हे पाऊल उचलले. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. चार-पाच वर्षांचा तो वियोग दोघांनाही होरपळून गेला. तरी टिळकांनी पत्नीवर धर्माची सक्ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, त्या आपले सोवळेओवळे सांभाळूनच. मनातील जातिभेद त्यांनी स्वतःच्या विचाराने दूर केला आणि 1900 साली स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचे कार्य मुख्यतः अहमदनगरला बहरले. अनाथ मुले त्यांच्या घरी वाढली. बालकवी ठोमरे यांना त्यांच्या घरी वात्सल्य लाभले. 1907 मध्ये जळगावला भरलेल्या पहिल्या मराठी कविसंमेलनामागे त्यांचीच प्रेरणा होती. 1912 पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. ख्रिस्ती मंडळीत तोवर परक्या चालींवर बेतलेली गीते गायिली जात. टिळकांनी तेथे अभंग, भजन आणि कीर्तन आणले. ज्ञानोबा-तुकोबांची वाट त्यांनी कधी परकी मानली नाही. त्यांची भजने आजही मराठी चर्चमधून म्हटली जातात.

या काळातही त्यांचा राग पूर्णपणे गेला नाही, हिशेब जमला नाही, अस्वस्थता शमली नाही. आपण पात्र आहोत असा त्यांचा दावाही नव्हता. त्यांच्या भक्तिपर रचनांतून स्वतःच्या अपुरेपणाची कबुली पुनःपुन्हा येते. येशूला तीन वेळा नाकारणारा पेत्रच पुढे मंडळीचा आधार झाला, ही कथा प्रत्येक ख्रिस्ती माणूस जाणतो. टिळकांनी ती जगून पाहिली. दोष सरेपर्यंत त्यांनी सेवा लांबणीवर टाकली नाही आणि सेवा घडते आहे म्हणून दोषांचे समर्थनही केले नाही. 1917 मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मिशनच्या वेतनाचा त्याग करून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात जातीची वा पंथाची आडकाठी नव्हती.

9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करणारे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अकराव्या अध्यायातच अपुरे राहिले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेची पायरी न चढलेल्या, लग्नानंतर पतीकडून अक्षरे शिकलेल्या या स्त्रीने त्यात 64 अध्यायांची भर घातली. ज्यांच्या चुकांनी तिचे तारुण्य होरपळले, त्यांचेच अपुरे काम तिने स्वतःचे मानले. तिने पतीला देव केले नाही आणि त्यांच्या दोषांसाठी त्यांना दूरही लोटले नाही.

मुलाने चुकू नये, असे प्रत्येक पालकाला वाटते, शिक्षकालाही वाटते. वर्गात कमी पडणारे मूल ‘आधी सुधारतो, मग काहीतरी चांगले करीन’ असे मनाशी ठरवून मागे बसते आणि कित्येकदा तेथेच राहून जाते. अशा मुलाला टिळकांचे चरित्र, त्यातील एकही दोष न वगळता, अवश्य सांगावे.