बाबासाहेबांचा निवाऱ्याचा लढा आणि आपले निर्मळ

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्याला संविधानाचे शिल्पकार म्हणून ठाऊक आहेत. पण डोक्यावर हक्काचे छप्पर असावे, हा प्रश्नही त्यांच्या आयुष्यात सतत सोबत होता. वसई-विरारमध्ये घर शोधणाऱ्या आपल्या समाजबांधवांनी ही बाजू समजून घ्यावी, असे आम्हाला वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव पुढे वडिलांसोबत मुंबईच्या गिरणगावात आले. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांचे कुटुंब अनेक वर्षे राहिले. महाडचा सत्याग्रह झाला, तेव्हाही त्यांचा पत्ता हीच चाळ होती.

१९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. हाती पदवी आणि पद होते, पण शहरात भाड्याने खोली मिळेना. नाव लपवून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मित्रांनीही आसरा दिला नाही. अखेर बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. शिक्षणाने जात पुसली जात नाही, हे त्यांनी घराच्या दारातच अनुभवले.

पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी स्वतःचे घर बांधले. त्याला मगधच्या प्राचीन राजधानीवरून राजगृह हे नाव दिले आणि त्यात ग्रंथांसाठी मोठी जागा राखली.

मात्र स्वतःचे घर झाले म्हणून ते थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला आणि त्यात निवासाचाही समावेश होता. कामगारांच्या वेतनाबरोबर त्यांच्या घरांची स्थिती तपासणारी समितीही त्याच काळात नेमली गेली. १९४७ मध्ये संविधान सभेपुढे मांडण्यासाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी आणखी मोठी मागणी केली. सरकारी पडीक जमीन एका आयोगाच्या ताब्यात द्यावी, तिच्यावर अनुसूचित जातींच्या नव्या वसाहती वसवाव्यात आणि त्यासाठी दरवर्षी ५ कोटी रुपये राखून ठेवावेत, अशी ती मागणी होती. जमीन, पैसा आणि जबाबदार यंत्रणा या तिन्ही गोष्टी त्यांनी नेमकेपणाने मांडल्या. घर ही त्यांच्या लेखी दया नव्हती, तो नियोजनाचा आणि हक्काचा भाग होता.

मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर ते दिल्लीत अलीपूर रोडवरील भाड्याच्या घरात राहायला गेले. तिथेच ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आता निर्मळकडे पाहू. शेजारीच सोपाऱ्याचा प्राचीन स्तूप आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केले. त्याच परिसरात आज इमारतींची दाटी झाली आहे. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. नालासोपारा पूर्वेला ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या. ती जागा विकास आराखड्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी आरक्षित होती. ज्यांनी कष्टाची कमाई देऊन तिथे घरे घेतली, ते रस्त्यावर आले.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. घराचे पैसे देण्याआधी जमिनीचा सातबारा, बांधकाम परवानगी आणि आराखड्यातील आरक्षण तपासा. रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी आहे, पण स्वतःची जागा किंवा कच्चे घर नसलेल्या भाडेकरूंची अडचण तिने सुटत नाही. त्यांच्यासाठी जमीन राखून ठेवण्याची मागणी विकास आराखड्याच्या हरकती-सूचनांच्या मुदतीतच, लेखी आणि एकत्रितपणे व्हायला हवी. विहारांत दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास कागदपत्रे वाचून दाखवायलाही हरकत नाही.

बाबासाहेबांनी घराचा प्रश्न आकड्यांसह, कायद्याच्या भाषेत मांडला. त्यांच्या अनुयायांनीही तो तसाच मांडावा.

जय भीम! नमो बुद्धाय!